आडी महिन्यातलं श्राद्ध

मी सरकारी वकील झाले ती एका कागदाच्या जोरावर. कायद्याची पदवी होती, सनद होती, तामिळ लिहिता-वाचता येत होतं आणि परीक्षाही पास झाले होते. पण जाहिरातीत आणखी एक अट होती: फौजदारी कोर्टात पाच वर्षं प्रत्यक्ष वकिली केल्याचा दाखला. तो ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनीच द्यायचा. माझ्या सरांनी तो घरी बसून स्वतः टाइप केला. शेवटी ‘कामात चोख आणि विश्वासू’ असं एक वाक्य त्यांनी पदरचं घातलं होतं. नमुन्यात ते नव्हतं. मी ते वाचून त्यांच्या पाया पडले होते.

सर आमच्यातलेच, म्हणजे तंजावूरकडून आलेल्या मराठी घरातले. शहरातल्या वेस्ट मांबलम भागात माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. कोर्टात ते सर, घरी मामा, आणि त्यांची बायको ती मामी. आमची मराठी पुण्या-मुंबईच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो आणि मग तामिळ समजून सोडून देतो. माझा नवरा नागपूरचा आहे. लग्नानंतर वर्षभर तो माझी वाक्यं दुरुस्त करत होता, म्हणून आज हे असं लिहिता येतंय. पण सर आणि मी एकमेकांशी बोलायचो ते जुन्या वळणाचंच. भर कोर्टात, शंभर माणसांच्या गोंगाटात, ते माझ्या कानाशी येऊन दोन शब्द बोलायचे आणि ते फक्त मला कळायचे. बाविसाव्या वर्षी हे फार मोठं वाटतं. खरं सांगायचं तर पन्नाशीतही वाटतच होतं.

मामीनं मला जेवू घातलं. पाच वर्षं, दर शनिवारी. सर आतल्या खोलीत फायली चाळायचे, मी टिपणं काढायची आणि मामी दारातून ओरडायची, “अस्कं काम पुरे की ग! खा, कोर्टांत कोण घालतं तुला?” ‘अस्कं’ म्हणजे आमच्यात सगळं. तिचं डाळीचं सांबार मला अजून जमत नाही. ती गेली तेव्हा मी तिथे होते. पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेला होता, रथसप्तमी दुसऱ्या दिवसावर आली होती. दारात सणाचे ऊस तसेच टेकून ठेवलेले होते आणि तिला बाहेर नेताना कुणीतरी ते घाईनं बाजूला केले. हे ऊस लक्षात ठेवा. मीही ठेवायला हवे होते.

आमच्या कामाबद्दल लोकांच्या फार भव्य कल्पना असतात. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातला सरकारी वकील दिवसाचा बहुतेक वेळ कागद आणि माणसं शोधण्यात घालवतो. पोलिसांची फाइल वाचायची, त्यात काय राहिलंय ते बघायचं, समन्स पोचलं का ते कॉन्स्टेबलला तीनदा विचारायचं. साक्षीदार आला की त्याला कोपऱ्यात घेऊन त्यानं पोलिसांना दिलेला जबाब वाचून दाखवायचा, कारण घटनेला दोन-तीन वर्षं झालेली असतात आणि मधल्या काळात त्याचं आयुष्य थांबलेलं नसतं. मग त्याला पिंजऱ्यात उभं करून आपण विचारतो तो सरतपास, आणि विरुद्ध बाजूचा वकील विचारतो तो उलटतपास. कायद्यानं माझं अशील सरकार. पण सरकार काही बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसत नाही. तिथे बसते ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई.

सरांनी मला या धंद्यातली एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. “सरतपास आणि उलटतपास, या दोहोंमध्ये सूर्य मावळू द्यायचा नाही. तारीख पडली की साक्षीदार गेलाच समज.” विरुद्ध वकील वेळ मागेल, पोटात दुखतंय म्हणेल, फाइल घरी राहिली म्हणेल. प्रत्येक कारण तपासायचं आणि उभं राहून हरकत घ्यायची. सरकारी वकील झाल्यावर मी याच शिकवणीवर नाव कमावलं. आवारात मला पाठीमागे ‘हरकत अम्मा’ म्हणत. मला ते आवडायचं.

तर एन्नोरचा, शहराच्या टोकाच्या किनारी वस्तीतला, खटला. एका गोदामाच्या छपराचे सिमेंटचे पत्रे बदलायचं काम होतं. कंत्राटदारानं माणसं वर चढवली, कमरेला पट्टा नाही, खाली जाळी नाही. पत्रा फुटला आणि एक माणूस खाली काँक्रीटवर पडून जागीच गेला. तो मूळचा कोळी. खाडीच्या तोंडाशी वीजकेंद्राच्या राखेच्या पाण्यात मासळी मिळेनाशी झाली म्हणून छपरांवर चढायला लागला होता. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा आरोप कंत्राटदारावर होता आणि त्याच्या बाजूनं उभे राहिले माझे सर.

वाईट वाटलं का? नाही. वकील अशील निवडतो, त्यात पाप नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. उलट मला थोडा उत्साहच आला होता. म्हटलं, आता म्हातारा बघेल आपली चेली किती पुढे आली ते.

माझा सगळा डोलारा एका साक्षीदारावर उभा होता. मेलेल्या माणसाच्या शेजारीच त्या छपरावर काम करणारा त्याचा सोबती. त्यानं पोलिसांना सांगितलं होतं की आम्ही पट्टे मागितले आणि कंत्राटदार म्हणाला, इतकी वर्षं कोणी पडलं नाही, तुम्हीच काय पडणार आहात. हे वाक्य कोर्टात आलं, उलटतपासात टिकलं, की शिक्षा जवळजवळ नक्की. दुसरी साक्ष होती मेलेल्याच्या बायकोची. ती एन्नोरच्या बसथांब्याजवळ मासे विकते. दोघांनाही एकाच मंगळवारचं समन्स गेलं. महिना आडीचा होता, आपल्याकडच्या आषाढ-श्रावणाचा.

तारखेच्या चार दिवस आधी ती बाई माझ्या खोलीत आली. टोपली बाहेर ठेवून, हात पदराला पुसत दारातच उभी राहिली. म्हणाली, “अम्मा, मंगळवारी त्याची तिथी आहे. तिसरं वर्ष. घरात दुसरं कोणी करणारं नाही. एक दिवस पुढे ढकलता येईल का?”

मी फाइलमधून मान वर काढली, तेवढं तरी केलं. “कोर्ट तिथी बघत नाही ग,” मी म्हणाले. “तू आली नाहीस तर समोरचा वकील तेच निमित्त करेल. एकदा तारीख पडली की तुझा साक्षीदार हातचा जाईल. तुला न्याय पाहिजे ना? मग ये.”

मी चुकीचं सांगितलं नव्हतं. अजूनही वाटतं की नव्हतं. ती मान हलवून गेली.

मंगळवारी ती सकाळी साडेनऊला हजर. मी विचारलं तिथीचं काय केलंस, तर म्हणाली पहाटे उठून भात, मासे, त्याला आवडायची ती केळफुलाची भाजी सगळं केलं आणि पान भिंतीवर ठेवून आले. “कावळा शिवला का?” मी विचारलं. आपल्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, कावळ्यानं तोंड लावल्याशिवाय मेलेल्याला पोचत नाही. “तेवढ्या अंधारात कुठला कावळा येणार, अम्मा. दाराला कुलूप लावून बस पकडली.” तिनं स्वतः सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

थोड्या वेळानं सर आले. मी रिवाजाप्रमाणे त्यांच्यासाठी कँटीनमधून कॉफी मागवली. त्यांनी हातानं पेला बाजूला सारला आणि आमच्या भाषेत म्हणाले, “आज कायपणि नको ग. उद्यां मामीचं श्राद्ध. आज एकभुक्त, बाहेरचं चालत नाही.” मामी गेल्याला सहा वर्षं झाली होती आणि हा माणूस अजून आदल्या दिवसापासून नेम पाळतोय. मी त्यांची कॉफी परत पाठवली आणि माझीही घेतली नाही.

त्या बाईची साक्ष अर्ध्या तासात झाली. सरांनी तिला फारसे प्रश्न विचारले नाहीत, आवाजही चढवला नाही. मग साक्षीदार पिंजऱ्यात आला. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. पट्टे मागितल्याचं, कंत्राटदाराच्या त्या वाक्याचं, पत्रा फुटल्याच्या आवाजाचं, सगळं त्यानं सांगितलं. टाइप करणाऱ्या बाईचे हात मध्येच थांबले होते. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी माझा सरतपास संपला.

आणि सर उठले. मॅजिस्ट्रेटसमोर वाकून, हळू आवाजात, हातात एक लिहिलेला अर्ज. उद्या पत्नीचं वार्षिक श्राद्ध आहे, आज घरी जाऊन तयारी करायची आहे, उपासानं थकवाही आहे, तरी उलटतपासासाठी दोन आठवड्यांची तारीख मिळावी. मॅजिस्ट्रेट तरुण होते. त्यांनी अर्ज पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. “सरकारी वकिलांची हरकत?”

त्या क्षणी माझ्या मनात ते ऊस आले. शपथेवर सांगते, आले. दारात टेकलेले, पिवळी पानं लटकलेली. काहीतरी जुळत नव्हतं. पण मी स्वतःलाच म्हटलं, तिथी मागेपुढे होते. अहो, होते, पण पोंगलमधली तिथी आडीत येत नाही! हे शाळकरी पोरीलाही कळतं. मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. श्राद्धाचं कारण कोणी तपासतं का? आणि आमच्यासारख्या घरात, मामीच्या नावानं?

“हरकत नाही,” मी म्हणाले.

तारीख पडली. सर जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मागच्या बाकावर ती बाई बसली होती. बाहेर आल्यावर तिनं मला गाठलं. चिडलेली नव्हती, तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. “अम्मा, त्या वकील अय्यांच्या घरी तिथी आहे म्हणून तारीख दिली. माझ्या वेळी देत नाहीत म्हणालात. मी विचारायला चुकले का?”

“त्यांनी लेखी अर्ज दिला होता,” मी म्हणाले. कसलं उत्तर ते! पण तिनं ते मानलं. “मला लिहिता येत नाही,” ती म्हणाली आणि बसथांब्याकडे गेली.

दोन आठवड्यांनी साक्षीदार आला तो नवा कोरा शर्ट घालून. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. सरांनी चार प्रश्न विचारले. पट्टे दिले होते का? दिले होते. मयतानं आपणहून काढला का? काढला. सकाळी त्याच्या तोंडाला वास येत होता का? येत होता. मागच्या वेळी वेगळं का सांगितलं? मयताच्या बायकोची दया आली म्हणून. मी उभी राहून आपल्याच साक्षीदाराला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली आणि त्याला तासभर उलटंपालटं केलं. तो खांबासारखा उभा होता. नंतर कळलं, कंत्राटदारानं त्याला दुसऱ्या साइटवर मुकादम केलं होतं. त्याचा मला राग आला, पण फार नाही. त्याची पोरं लहान, आणि छपरावर चढण्यापेक्षा खाली उभं राहून ओरडणं कुणाला नको असतं?

‘तोंडाला वास येत होता’ हे ऐकून ती बाई मागून उठून बाहेर गेली. तिचा नवरा दारूला शिवत नव्हता, हे फाइलमध्ये चार जणांनी सांगितलं होतं. पण आता कोर्टाच्या दप्तरात तो दारू पिऊन पडलेला माणूस झाला होता.

कंत्राटदार संशयाचा फायदा मिळून सुटला. अपील करावं असं मी सविस्तर टिपण लिहून वर पाठवलं. ते परत आलं. अपिलास योग्य नाही. शेऱ्यात एक ओळ होती की उलटतपास लांबवण्यास सरकारी वकिलांनी हरकत घेतलेली नाही. खरंच होतं ते. मी हळहळले, स्वतःला शिव्या घातल्या, पण सरांबद्दल तोवर मनात काही नव्हतं. साक्षीदार फोडला तो कंत्राटदारानं, असंच मी धरून चालले होते. श्राद्ध आडवं आलं, त्याला कोण काय करणार.

मग पोंगल आला आणि गेला. एका संध्याकाळी सरांचा फोन. “उद्यां मामीचं श्राद्ध. दोन वाजतां जेवायला ये ग.”

फोन हातात धरूनच मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितलं. परवा रथसप्तमी. वार्षिक श्राद्ध एका माणसाचं वर्षातून एकदाच येतं.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? ते विसरले होते. माझा गळा केसानं कापला आणि कापल्याचं त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. ती सकाळी नाकारलेली कॉफी, ते एकभुक्त, तो हळू आवाज. म्हणजे माणूस घरूनच ठरवून आला होता. कोणतं कारण सांगितलं की हरकत अम्मा गप्प बसेल, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. कुंपणानंच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो. तामिळमध्येही अगदी हीच म्हण आहे. दोन्ही भाषांत माझ्यासाठी तयार होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ब्राह्मण जेवून गेले होते आणि घरच्यांची पानं मांडली जात होती. मामीच्या फोटोला तुळशीचा हार होता. सर धोतर नेसून समोर बसले होते. मी पानावर बसले नाही.

“मामा,” मी विचारलं, “मग आडीत कुणाचं श्राद्ध होतं?”

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. मग चेहऱ्यावर आलं ते ओशाळणं नव्हतं. जरासा कंटाळा होता, कच्च्या विद्यार्थ्यासमोर येतो तसला. “ते अशिलासाठी होतं. तू हरकत कां घेतली नाहीस? कारण तपासायचं म्हणून मीच शिकिवलों की तुला.”

“तुम्ही मामीचं नाव घेतलंत.”

“ती असती तर समजली असती. तीस वर्षं वकिलाची बायको होती. बस, पान वाढलंय.”

“ती असती,” मी म्हणाले, “तर आज तुम्हाला वाढली नसती.”

श्राद्धाच्या घरातून न जेवता उठणं यापेक्षा मोठा अपमान आमच्यात नाही. मी तो केला आणि चप्पल घालून बाहेर पडले. घरी येऊन मी त्या दाखल्याची प्रत शोधून काढली. ‘विश्वासू’ हा शब्द वाचला आणि पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांना तो गुण माझ्यात का आवडत असावा. फाडावासा वाटला. पण नोकरीच्या कागदांत तो लागतो, म्हणून परत फाइलला लावला. तक्रार करावी तर दप्तरात ‘हरकत नाही’ हे माझेच दोन शब्द आहेत.

मग एका रविवारी एन्नोरची बस पकडली. ती बसथांब्याजवळ मासे मांडून बसली होती. मला बघून गडबडीनं उठायला लागली, मी तिला खाली बसवलं आणि शेजारीच दगडावर बसले. आणि सांगितलं. ते अय्या माझे गुरू, त्या दिवशी त्यांच्या घरी काहीच नव्हतं, ते खोटं बोलले आणि मी ते चालू दिलं. तुझी खरी तिथी मी नाकारली आणि त्यांची खोटी मान्य केली. माफी मागितली. तामिळमध्ये मागितली, तरी जीभ अडखळली.

तिनं सुरी बाजूला ठेवली, हातांवरचे खवले काढत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं.

“म्हणजे त्या दिवशी,” ती शेवटी म्हणाली, “तिथी एकाच घरी होती. आणि त्या घराला कुलूप होतं.”